कुलपाची साक्ष

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत मालवणच्या किनाऱ्यावरून मालाचें गलबत दर्यांत लोटावयाचें, म्हणजे अनुकूल वारा आणि तांडेलाचें कसब एवढ्यावर भागत नसे. गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेनें दिलेला एक परवाना नाखव्याजवळ असावा लागे. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. गलबताचें नांव, नाखव्याचें नांव, गलबताचा आकार, त्यावरील हत्यारें, कोणत्या बंदराहून कोणत्या बंदरास जावयाचें, हा सर्व तपशील त्यांत लिहिलेला असे, आणि त्या कागदाला ठराविक मुदत असे. भर समुद्रांत पोर्तुगीज आरमाराची गांठ पडली, कीं कप्तान प्रथम तो कागद मागे. कागद नसला, किंवा कागदांतील मजकूर आणि समोरचें गलबत यांचा मेळ बसला नाहीं, तर माल आणि गलबत दोन्ही जप्त होत.

ह्या व्यवस्थेंतील जुलूम उघड आहे. परंतु तिच्यांतील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कप्तान नाखव्याला ओळखत नसे, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचें त्याला कारणही नसे. तो ओळखी ती फक्त कागदावरची मोहोर. अर्थात् कोणाची मोहोर मानावयाची, हें जो ठरवी तोच त्या पाण्याचा खरा धनी होय. १६६४ सालीं छत्रपति शिवाजीमहाराजांनीं मालवणाजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि ह्या किनाऱ्यावर स्वराज्याचें आरमार उभें राहिलें. पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांनीं स्वतःचीं दस्तकें चालू केलीं. इंग्रज व पोर्तुगीज ह्यांच्याशीं त्यांचे जे तंटे झाले, त्यांच्या मुळाशीं असलेला एक प्रश्न हाच होता, कीं ह्या पाण्यांत कोणाचा कागद चालावा.

आज व्यवहाराचा दर्या निराळा आहे, पण हा प्रश्न मात्र जशाचा तसा उरला आहे. मालवणच्या एखाद्या घरचा मुलगा मुंबईस नोकरीला असतो. घरचीं वडील माणसें मोबाइलवरून बँकेचें खातें पाहतात, विजेचें बिल भरतात, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यासाठीं कोंकण रेल्वेच्या तिकिटाची खटपट करतात. पडद्यावर बँकेचें नांव दिसतें, बँकेचें चिन्ह दिसतें. परंतु तें पान खरोखरच बँकेच्या यंत्राकडून आलें, कीं वाटेंत बसलेल्या एखाद्या लबाडानें तें पाठविलें? माणसाच्या डोळ्यांना हें कळणें शक्य नाहीं, कारण अक्षरांची आणि चित्रांची हुबेहूब नक्कल कोणालाही करतां येते. म्हणून हें काम, ज्या प्रोग्रॅममधून वेबसाइट पाहावयाची, त्या ब्राउझरवर सोंपविलेलें असतें. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज हीं त्या ब्राउझरांचीं प्रसिद्ध नांवें. त्या पाण्यांतील कप्तान तो हाच. तो कागद मागतो, निरखून पाहतो, आणि एक सेकंदही लागण्याच्या आंत निर्णय देतो. तो निर्णय कसा दिला जातो आणि त्याचें मोल किती, हें ज्या घरांतून असे व्यवहार होतात, त्या प्रत्येक घरानें समजून घ्यावें असें आहे.

वेबसाइट उघडतांना तिचें यंत्र आरंभींच एक छोटा लेख ब्राउझरच्या हातीं ठेवतें. तेंच तिचें प्रमाणपत्र. त्यांत चार गोष्टी मुख्य असतात: वेबसाइटचें नांव, तें प्रमाणपत्र कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालावयाचें ती मुदत, वेबसाइटची जाहीर किल्ली, आणि हा मजकूर खरा आहे अशी साक्ष देणाऱ्या संस्थेचें मोर्तब. कार्ताझाशीं ह्याचें साम्य पाहून नवल वाटेल. परंतु अनोळखी माणसाची ओळख तिसऱ्याच्या मोहोरेवरून पटवावयाची म्हटली, कीं कागदाला बहुधा हेंच रूप येतें.

ह्यांतील किल्ली आणि मोर्तब हे शब्द थोडे उलगडले पाहिजेत. १९७६ सालीं अमेरिकेंतील व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्या दोघां संशोधकांनीं एक नवी कल्पना मांडली. कुलूप लावण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच असते, ही आपली नित्याची समजूत. त्यांनीं सुचविलें, कीं किल्ल्यांची जोडी करावी. एक गुप्त ठेवावी आणि दुसरी सर्व जगाला जाहीर करावी. ह्या किल्ल्या म्हणजे फार मोठ्या संख्या होत. गुप्त किल्लीनें एखाद्या लेखावर मोर्तब केलें, तर तें खरें कीं खोटें हें जाहीर किल्लीनें कोणालाही पडताळतां येतें. परंतु जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणें व्यवहारांत अशक्य असतें. मराठेशाहींतील पत्रांत शेवटच्या ओळीला लागून मोर्तबाचा शिक्का उठवीत, तो अशासाठीं कीं मागाहून कोणीं एखादी ओळ घुसडूं नये. हें गणिती मोर्तब त्याहून कडक आहे. लेखांतील एक अक्षर, एक टिंब जरी बदललें, तरी मोर्तब जुळत नाहीं. १९७८ सालीं लोरेन कोनफेल्डर ह्या विद्यार्थ्यानें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत लिहिलेल्या प्रबंधांत सुचविलें, कीं अमुक जाहीर किल्ली अमुक नांवाची आहे असा दाखला एखाद्या विश्वासू संस्थेनें स्वतःच्या मोर्तबासह द्यावा. आजच्या प्रमाणपत्राचा जन्म ह्या सूचनेंत आहे.

आतां ब्राउझर प्रमाणपत्र कसें तपासतो तें पाहूं. त्याचे प्रश्न अगदीं साधे असतात, आणि जुन्या काळच्या एखाद्या काटेकोर कारकुनाप्रमाणें तो ते एकामागून एक विचारतो. पहिला प्रश्न नांवाचा: जी वेबसाइट मागितली, तिचेंच नांव प्रमाणपत्रावर आहे काय? दुसरा मुदतीचा: आजची तारीख त्या मुदतींत बसते काय? मोबाइलचें घड्याळ बिघडून त्यावर भलतेंच साल आलें, म्हणजे सर्व वेबसाइटींवर इशारे दिसूं लागतात, त्याचें कारण हेंच. तिसरा प्रश्न ताब्याचा: हें प्रमाणपत्र पुढें करणाऱ्या यंत्राजवळ त्या जाहीर किल्लीची जोडीदार गुप्त किल्ली खरोखर आहे काय? प्रमाणपत्र हें गुपित नव्हे. त्याची प्रत कोणालाही मिळते. म्हणून त्याच क्षणीं चाललेल्या संभाषणावर गुप्त किल्लीचें मोर्तब करून दाखवावें लागतें. दुसऱ्याचा कागद चोरून आणणारा येथें अडकतो. चौथा प्रश्न: हें प्रमाणपत्र मुदतीआधींच रद्द झालेलें नाहीं ना? आणि पांचवा, सर्वांत महत्त्वाचा: मोर्तब करणारी संस्था कोण, आणि तिच्या मोर्तबाला मान कां द्यावा?

ह्या पांचव्या प्रश्नाचें उत्तर एका साखळींत असतें. मूळ संस्थेची गुप्त किल्ली फार मोलाची असल्यामुळें ती तिजोरींत, जाळ्यापासून वेगळी ठेवलेली असते. रोजच्या कामासाठीं ती बाहेर काढीत नाहींत. मूळ संस्था दुय्यम संस्थांना, किंवा स्वतःच्याच दुय्यम किल्ल्यांना, मोर्तबाचा अधिकार देते. मराठेशाहीच्या परिभाषेंत बोलावयाचें, तर मूळ धनी घरीं राहतो आणि मुतालिक त्याच्या वतीनें शिक्के उठवितो. वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर मुतालिकाचें मोर्तब असतें, मुतालिकाच्या प्रमाणपत्रावर मूळ धन्याचें. ब्राउझर ही साखळी एकेक कडी तपाशीत वर जातो. ती साखळी ज्या मूळ नांवापाशीं संपते, तें नांव त्याच्याजवळच्या यादींत असेल तर कागद मान्य; नसेल तर अमान्य. मूळ धन्याच्या नांवाला वरचा कोणी साक्षीदार नसतो. तेथें ब्राउझरची यादी हाच शेवटचा शब्द.

ही यादी कोणीं केली? कोणत्याही देशाच्या विधिमंडळानें नव्हे. फायरफॉक्सची यादी मोझिला ही संस्था ठेवते. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांच्या आपापल्या याद्या आहेत. गूगलनें २०२२ पासून क्रोमसाठीं स्वतःची यादी चालू केली. यादींत येऊं इच्छिणाऱ्या संस्थेला आपले नियम प्रसिद्ध करावे लागतात, बाहेरच्या हिशेबनिसांकडून दरवर्षीं तपासणी करून घ्यावी लागते, आणि चूक झाली तर ती लेखी कबूल करून तिचें कारण सांगावें लागतें. ब्राउझर करणारे आणि प्रमाणपत्रें देणारे ह्यांचें एक संयुक्त मंडळही २००५ पासून आहे, आणि किमान नियम तेथें ठरतात. ज्या थोड्या कंपन्यांच्या हातीं ह्या याद्या आहेत, त्यांच्या हातीं केवढी सत्ता आहे हें निराळें सांगावयास नको. परंतु ही सत्ता कां लागते आणि ती कशी वापरली गेली, हें दोन घटनांवरून चांगलें कळतें. त्यांपैकीं एक परदेशांतील आहे आणि दुसरी आपल्या घरची.

पहिली घटना हॉलंडमधील. डिजिनोटार ही तेथील प्रमाणपत्रें देणारी संस्था. खुद्द डच सरकारचीं कामेंही तिच्या प्रमाणपत्रांवर चालत. २०११ च्या उन्हाळ्यांत कोणीं तरी तिच्या यंत्रांत शिरलें आणि त्यानें पांचशेंहून अधिक खोटीं प्रमाणपत्रें तयार केलीं. त्यांत एक गूगलच्या नांवाचें होतें. तें प्रमाणपत्र इराणमधील लोकांवर वापरलें गेलें. ते आपली टपाल वाचावयास गेले म्हणजे मध्येंच बसलेला कोणी तरी ती वाची, आणि ब्राउझर मात्र सर्व ठीक आहे असें सांगे. कारण मोर्तब खरें होतें, फक्त तें चोराच्या हातून झालेलें होतें. पुढें झालेल्या तपासांत सुमारें तीन लाख यंत्रपत्त्यांना ह्याची झळ लागल्याचें आढळलें, आणि ते जवळजवळ सर्व इराणमधील होते. क्रोममध्यें गूगलच्या स्वतःच्या किल्ल्यांची खूण आधींच नोंदलेली असल्यामुळें तेथील एका ग्राहकाला इशारा दिसला आणि २०११ च्या ऑगस्टअखेर हें प्रकरण उघडकीस आलें. सर्व प्रमुख ब्राउझरांनीं डिजिनोटारचें नांव यादींतून खोडलें. सप्टेंबर २०११ मध्यें त्या संस्थेचें दिवाळें निघालें. साक्ष देणें हाच जिचा धंदा, तिची साक्ष कोणी मानीनासें झाल्यावर तिच्याजवळ विकावयास कांहींच उरलें नाहीं.

दुसरी घटना भारतांतील आहे. भारतांत २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यानें प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक हें पद निर्माण झालें. देशांतील अशा सर्व संस्थांच्या वरचा मूळ शिक्का ह्या नियंत्रकांचा. मायक्रोसॉफ्टनें तो आपल्या यादींत घेतला होता. त्यामुळें विंडोजवर चालणारे इंटरनेट एक्सप्लोरर, क्रोम इत्यादि बहुतेक प्रोग्रॅम तो मानीत. केंद्र सरकारचें नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर ह्या शिक्क्याखालीं मुतालिकाच्या नात्यानें प्रमाणपत्रें देत असे. २ जुलै २०१४ रोजीं गूगलच्या ध्यानांत आलें, कीं ह्या सेंटरच्या मोर्तबानें गूगलच्याच कांहीं नांवांचीं प्रमाणपत्रें निघालीं आहेत, आणि गूगलनें तीं मागितलेलीं नव्हतीं. गूगलनें सेंटरला, नियंत्रकांना आणि मायक्रोसॉफ्टला तत्काळ कळविलें. दुसऱ्याच दिवशीं नियंत्रकांनीं सेंटरचीं सर्व दुय्यम प्रमाणपत्रें रद्द केलीं. नियंत्रकांच्या चौकशींत असें निघालें, कीं सेंटरच्या प्रमाणपत्रें देण्याच्या व्यवस्थेंत कोणीं तरी शिरकाव केला होता आणि खोटीं प्रमाणपत्रें चार होतीं, तीन गूगलच्या नांवांचीं व एक याहूच्या नांवाचें. त्यांतील पहिलें २५ जून रोजीं निघालें. परंतु ह्या चारांच्या बाहेरचीं खोटीं प्रमाणपत्रेंही गूगलला आढळलेलीं होतीं. म्हणजे नुकसान कोठपर्यंत पोंचलें ह्याचा पुरता हिशेब लागेना.

तेव्हां क्रोमनें एक निर्णय घेतला. भारताचा मूळ शिक्का पुढें केवळ सात नांवांच्या कक्षेंत मानावयाचा असें त्यानें ठरविलें. त्यांत भारत सरकारच्या व शिक्षणसंस्थांच्या वेबसाइटी, रिझर्व्ह बँक, बँक ऑफ इंडिया इत्यादींचा समावेश होता. त्या कक्षेबाहेर तो शिक्का निरुपयोगी झाला. मायक्रोसॉफ्टनेंही १० जुलै रोजीं त्या दुय्यम प्रमाणपत्रांवरील विश्वास काढून घेतला. फायरफॉक्सच्या यादींत भारताचा मूळ शिक्का आधींपासूनच नव्हता. म्हणून फायरफॉक्स वापरणाऱ्यांना ह्या खोट्या प्रमाणपत्रांपासून धोका झाला नाहीं.

ह्या घटनेनें स्वाभिमानी मनाला चुटपुट लागेल. एका सार्वभौम राष्ट्राच्या कायद्यानें स्थापलेल्या अधिकाऱ्याचा शिक्का परदेशची एक कंपनी सात नांवांपुरता आखून देते, हें काय? कार्ताझाची आठवण येथें होणें साहजिक आहे. परंतु दोन्हींत एक भेद आहे आणि तो विसरतां कामा नये. कार्ताझ हा बळावर उभा होता. त्यावर तक्रार चालत नसे. येथें ज्या नियमानें भारताच्या शिक्क्याला कुंपण पडलें, त्याच नियमानें हॉलंडच्या संस्थेचें नांव समूळ गेलें, आणि पुढें अमेरिकेंतील बड्या संस्थांचीही गय झाली नाहीं. सिमँटेक ह्या प्रख्यात कंपनीनें दिलेलीं प्रमाणपत्रें २०१८ मध्यें क्रोमनें अमान्य केलीं. २०२४ मध्यें एन्ट्रस्ट ह्या जुन्या संस्थेचीं नवीं प्रमाणपत्रें न मानण्याचा निर्णयही क्रोमनें जाहीर केला. उलट पक्षीं, बंगळूरच्या ईमुद्रा ह्या भारतीय कंपनीचे मूळ शिक्के आवश्यक त्या तपासण्या पार पाडून मोझिलाच्या यादींत दाखल झाले. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कायद्यानें अधिकार मिळतो; विश्वास मिळत नाहीं. विश्वास हा तपासणीला तोंड देऊनच कमवावा लागतो, आणि कमविल्यावरही रोज राखावा लागतो.

तथापि चोरी झाल्यावर चोर सांपडणें ही कांहीं पुरेशी व्यवस्था नव्हे. इराणमधील प्रकरण कित्येक आठवडे कोणाच्याच नजरेस आलें नाहीं, ह्याचें कारण असें कीं कोणत्या संस्थेनें कोणाच्या नांवानें प्रमाणपत्र दिलें, हें त्या संस्थेखेरीज कोणाला कळण्याची सोय नव्हती. म्हणून पुढें जाहीर नोंदवह्यांची योजना निघाली. २०१३ सालीं तिचे नियम प्रसिद्ध झाले आणि ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेलें प्रत्येक प्रमाणपत्र अशा नोंदवहींत चढलेलें असल्याखेरीज क्रोम तें मानीत नाहीं. ह्या वह्यांची रचना अशी आहे, कीं एकदां चढलेली नोंद गुपचूप खोडतां किंवा बदलतां येत नाहीं, आणि त्या कोणालाही वाचतां येतात. खेडेगांवांत जमिनीच्या फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, ती ह्याचसाठीं. ज्याची जमीन, त्याला आपल्या पाठीमागें काय चाललें आहे हें कळावें आणि वेळींच हरकत घेतां यावी. आज कोणत्याही बँकेला, स्वतःच्या नांवानें कोणीं परभारें प्रमाणपत्र काढलें काय, हें त्या वह्यांत पाहतां येतें.

दुसरा उपाय मुदत आंखूड करण्याचा. कागद जितका काळ चालतो, तितका काळ चोरालाही तो चालवितां येतो. पूर्वीं प्रमाणपत्रें कित्येक वर्षांचीं असत. पुढें ही मर्यादा ३९८ दिवसांवर आली. एप्रिल २०२५ मध्यें वर सांगितलेल्या संयुक्त मंडळानें ठरविलें, कीं १५ मार्च २०२६ पासून निघणारीं प्रमाणपत्रें फार तर २०० दिवसांचीं, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवसांचीं आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांचीं असावींत.

इतकी सर्व सावधगिरी घेतल्यावर, ब्राउझरनें कागद मान्य केला म्हणजे गृहस्थानें निर्धास्त व्हावें काय? येथेंच फार मोठा गैरसमज आहे, आणि घरोघरची पुंजी ह्याच गैरसमजानें बुडते. बऱ्याच वर्षांपर्यंत कागद मान्य झाल्याची खूण म्हणून नांवाशेजारीं एक लहानसें कुलूप दिसे. कुलूप दिसलें म्हणजे दुकान सचोटीचें, अशी समजूत लोकांत पसरली. वस्तुतः त्या कुलपाची साक्ष दोनच गोष्टींपुरती होती: पहिली, वर लिहिलेलें नांव ज्याचें आहे त्याच्याच यंत्राशीं हें संभाषण चाललें आहे, आणि दुसरी, तें वाटेंत कोणाला वाचतां किंवा बदलतां येत नाहीं. तो नांवाचा मालक साव आहे कीं चोर, ह्याविषयीं कुलपानें कधींच कांहीं सांगितलें नाहीं. साध्या प्रकारचें प्रमाणपत्र देतांना संस्था एवढेंच तपासते, कीं मागणाऱ्याचा त्या नांवावर ताबा आहे. त्यासाठीं ती सांगेल ती खूण त्यानें आपल्या वेबसाइटवर ठेवून दाखविली, कीं काम झालें. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशीं प्रमाणपत्रें फुकट देते. त्यानें जगाचें फार कल्याण झालें, कारण लहानसहान शाळेच्या, देवस्थानच्या, घरगुती खाणावळीच्या वेबसाइटीवरील बोलणेंही त्यामुळें सुरक्षित झालें. परंतु फसव्या वेबसाइटीलाही तें तितक्याच सहज मिळतें. चोरानें स्वतःच्या खऱ्या नांवानें परवाना काढला, तर परवाना खोटा होत नाहीं. गूगलनें २०२१ मध्यें केलेल्या पाहणींत, कुलपाचा नेमका अर्थ ठाऊक असणारे लोक शेंकडा ११ निघाले. शेवटीं सप्टेंबर २०२३ मध्यें क्रोमनें तें कुलपाचें चित्रच काढून टाकलें आणि त्या जागीं एक निरुपद्रवी खूण बसविली, कारण त्या चित्रानें भलताच दिलासा मिळत होता.

मग माणसाच्या वांट्याला कोणतें काम उरतें? नांव वाचण्याचें. ब्राउझर नांवाची शहानिशा करतो; पण जें नांव आहे तेंच आपल्याला हवें होतें काय, हें त्याला कसें कळावें? तें वाचणाऱ्यानेंच पाहावयाचें. वेबसाइटचें नांव टपालाच्या पत्त्यासारखें असतें. पत्त्यांत प्रथम घराचें नांव, मग वाडी, गांव, तालुका आणि शेवटीं जिल्हा येतो, आणि टपाल कोणत्या मुलुखांत जावयाचें हें शेवटच्या ओळीवरून ठरतें. पहिल्या तिरकस रेघेच्या अलीकडला भाग हा वेबसाइटचा पत्ता, आणि त्यांतही शेवटचे तुकडे महत्त्वाचे. ‘अमुकबँक डॉट खातें-तपासणी डॉट कॉम’ असें नांव दिसलें, तर तें अमुक बँकेचें नव्हे. तें ‘खातें-तपासणी डॉट कॉम’ ह्या कोणा परक्याचें. बँकेचें नांव त्यानें आपल्या दाराच्या चौकटीवर नुसतें रंगविलें आहे. तें प्रमाणपत्र ब्राउझर बिनतक्रार मान्य करील, आणि त्यांत ब्राउझरची कांहींही चूक असणार नाहीं.

हें वाचणें सोपें व्हावें म्हणून भारतांत एक चांगलें पाऊल पडलें आहे. रिझर्व्ह बँकेनें २०२५ मध्यें देशांतील बँकांना आज्ञा केली, कीं त्यांनीं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइटी ‘बँक डॉट इन’ ह्या शेवट असलेल्या नांवांवर न्याव्यात. सहकारी बँकाही ह्यांत आल्या. अशीं नांवें देण्याचा अधिकार हैदराबाद येथील, रिझर्व्ह बँकेनेंच स्थापिलेल्या बँकिंग तंत्रज्ञान-संशोधन संस्थेकडे आहे, आणि बँकेखेरीज दुसऱ्याला तें नांव मिळत नाहीं. म्हणजे ज्या प्रश्नाला ब्राउझर हात घालीत नव्हता, तो प्रश्न नांव देण्याच्या वेळींच सोडविण्याचा हा यत्न आहे. आतां घरच्या वडील माणसांना एवढेंच शिकवावें, कीं बँकेच्या नांवाचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा आहे काय तें पाहून मगच आंकडे भरावे. संदेशांतून आलेल्या दुव्यावर बोट ठेवूं नये; नांव स्वतः टिपावें, किंवा एकदां खात्री करून घेऊन तें जपून ठेवावें.

आणि ब्राउझरनें पान उघडण्याचें नाकारून लाल इशारा दाखविला, तर? पुष्कळ लोक कंटाळून ‘तरीही पुढें जा’ असें बटण दाबतात. तें म्हणजे जकातनाक्यावरील शिपायाला बाजूला ढकलून माल आंत घेण्यासारखें आहे. इशारा दर वेळीं चोराचाच असतो असें नव्हे. मोबाइलची तारीख चुकलेली असेल. वेबसाइटच्या मालकानें मुदत संपलेलें प्रमाणपत्र बदललें नसेल. उपकरण फार जुनें असून त्याची यादी शिळी झाली असेल. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हां कित्येक जुन्या उपकरणांना अगदीं प्रामाणिक वेबसाइटीही परक्या वाटूं लागल्या. म्हणून प्रथम तारीख पाहावी, मग उपकरण अद्ययावत् करावें, सार्वजनिक ठिकाणचें फुकट वायफाय असेल तर तें सोडून द्यावें. इतकें करूनही इशारा राहिला, तर निदान पैशाच्या व्यवहारांत तेथून माघार घ्यावी आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर बँकेला विचारावें. पैसे गेलेच, तर लाजेखातर गप्प न बसतां १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. पहिल्या कांहीं तासांत कळविलें तर पैसे वाटेंतच अडविण्याची आशा असते.

वडील पिढींतील माणसें उधारीचा व्यवहार करतांना दोन गोष्टी स्वतंत्रपणें विचारीत: हा मनुष्य सांगतो तोच आहे काय, आणि तो शब्दाचा पक्का आहे काय? पहिल्या प्रश्नाला साक्षीदार पुरे होत. दुसऱ्याला अनुभव लागे. जगांतील पुष्कळ हुशार माणसांनीं मिळून, चुका करीत, पकडले जात आणि सुधारत, पहिल्या प्रश्नाचें उत्तर आज यंत्राच्या हातीं दिलें आहे, आणि तें उत्तर बहुतेक वेळीं खरें असतें. दुसरा प्रश्न अजून माणसाचाच आहे. नव्या साधनानें तो आपल्यापासून काढून घेतला अशी समजूत जो करून घेईल, त्याचें संरक्षण कोणत्याही मोहोरेनें होणार नाहीं.